खडपावरची लाट आणि गुरुवारचा कागद

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, आणि अक्षर तर असं आहे की आज लिहिलेलं उद्या मलाच वाचता येत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते सांगता येणार नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण चौथीच्या बाई म्हणायच्या, लिहायला बसण्याआधी हात धुवावेत आणि चुका होणार असतील तर आधी सांगून टाकावं. हात धुतले आहेत.

वहीच्या पुढच्या बाजूला माझे गुरुवारचे कागद आहेत, म्हणजे त्यांच्या नकला. ही गोष्ट मागच्या पानांपासून उलटी लिहीत चालले आहे. दोन्ही बाजू मध्ये भेटल्या की थांबेन.

मी बेंगळुरूला जे. पी. नगरात स्वयंपाकाची कामं करते. लग्न होऊन इथे आले त्याला आता बरीच वर्षं झाली. माहेर कोकणात, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मध्ये, समुद्रावर. वडील होडीवाले होते, आता धाकटा भाऊ होडी चालवतो. इथे समुद्र नाही. इथे वारा सुटला तर त्याचा कशाशी संबंध नसतो, नुसता येतो आणि दोरीवरचे कपडे पाडून जातो. पहिली दोन वर्षं मला त्याचंच सगळ्यात नवल वाटायचं, की वारा फिरला तरी कोणी घराबाहेर येऊन बघत नाही.

ज्या घरातून हे सगळं सुरू झालं ते घर दुसऱ्या मजल्यावरचं. तिथे एकट्या ताई राहतात. पुण्याच्या, कॉम्प्युटरच्या कामात आहेत, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्या मला मावशी म्हणतात. कामाला लागले तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला एक लांब फळी उभी होती, माणसापेक्षा उंच, टोकाला निमुळती. मला वाटलं इस्त्रीची असेल. पण पाय नव्हते. विचारायचा माझा स्वभाव नाही. मी रोज तिच्याभोवती केर काढायचे आणि गप्प बसायचे.

एके दिवशी ताई बाहेर गेल्या होत्या आणि मला वेळ होता. फळीच्या वरच्या बाजूला मळकट पांढरे चिकट गोळे साचले होते, नख लावलं तर नखात जायचे. मला वाटलं किती वर्षांची घाण ही. गरम पाणी केलं, घासणी घेतली, आणि दीड तास घासून फळी अशी लख्ख केली की तिच्यात ट्यूबलाइट दिसायला लागली. ताई आल्या. फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फळीकडे. मग त्यांनी विचारलं, "मावशी, हे तुम्ही धुतलंत?" मी मान हलवली. त्या जमिनीवर बसून हसायला लागल्या. ते मेण होतं. पाय घसरू नयेत म्हणून मुद्दाम लावलेलं, थरावर थर चढवलेलं. ही फळी समुद्रात नेतात, तिच्यावर उभं राहतात आणि लाटेवरून घसरत येतात. मोठी शिकलेली माणसं त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून रात्रभर प्रवास करून जातात.

मी लाजेने अर्धी झाले. पण त्या दिवसापासून त्यांच्याशी दोन शब्द बोलायची माझी भीड चेपली. कुठली लाट, कुठला समुद्र, हे त्या सांगायच्या आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. त्यातून एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्या गावासमोर पाण्यात एक खडप आहे, तिथे लाट एका जागी फुटते. खडप म्हणजे पाण्याखालचा लांबच लांब कातळ, त्याच्यावर प्रवाळ वाढलेलं. ओहोटीला थोडा वर दिसतो, भरतीला बुडतो. वडील त्याला वळसा घालून जायचे. ताईंनी गॅस बंद करायला लावला आणि फोनवर नकाशा काढून मला ते खडप बोटाने दाखवायला लावलं.

नेमकं त्याच महिन्यात भावाचं इंजिन गेलं. होडी होती पण इंजिनाशिवाय होडी म्हणजे अंगणातलं बाकडं. त्याला जुनं पण चांगलं इंजिन मिळत होतं, तीस हजार कमी पडत होते. मी आयुष्यात कोणाकडे पैसे मागितले नव्हते. तीन दिवस ताईंच्या दारात तोंड उघडून मिटत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, मावशी, काय झालंय? मी सांगितलं. त्यांनी तीस हजार माझ्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, भाऊ आम्हाला खडपावर नेईल, लोक मी आणते, त्याचं भाडं येईल त्यातून फेडा. मी म्हटलं, पावसाच्या आधी परत करीन. त्यांनी तारीख मागितली नव्हती. मीच दिली. आणि दिली म्हटल्यावर ती माझ्या डोक्यावर बसली. पैसे वेळेवर गेले नसते तर मला त्यांनी काढलं नसतं, पण मी ते घर सोडलं असतं, एवढं मला नक्की माहीत होतं. त्या घरात मला पहिल्यांदा कोणी प्रश्न विचारले होते.

भावाला मी समजावून सांगितलं, की समुद्र चांगला असेल तेव्हा कळव, ताई माणसं घेऊन येतील. तो म्हणाला, त्यात काय एवढं.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "बाय, दर्या एकदम तेलासारखो आसा. इतको बरो दर्या वर्षात गावलो नाय. सगळ्यांका पाठव."

मी तसंच ताईंना सांगितलं, की समुद्र फार चांगला आहे. सहा जण दोन गाड्या आणि फळ्या घेऊन रात्रभर गेले. सकाळी उतरून बघतात तर समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. खडपावर एक सुरकुती नाही. भाऊ धुतलेला शर्ट घालून किनाऱ्यावर उभा, आणि म्हणतोय बघा, मी सांगितलं होतं की नाही. त्याने त्यांना होडीतून दोन तास फिरवलं, डॉल्फिन दाखवले, वहिनीने बांगड्याचं तिखलं करून जेवायला घातलं. सगळे रात्री परत. ताई सोमवारी मला एवढंच म्हणाल्या की जेवण छान होतं.

मी भावाला फोन करून रागावले. तो उलट माझ्यावर चिडला. "माका काय ठावक, तेंका लाटांत मरूचा आसा म्हणान?"

त्याचंही बरोबर होतं. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चांगला समुद्र म्हणजे गप्प समुद्र. लाट म्हणजे त्या दिवशी चूल मंद. वडिलांनी कधी लाटेला बरं म्हटलं नाही, मग भाऊ कुठून म्हणणार? आणि मलाही तेव्हा कळायला हवं होतं, मी दीड महिना ताईंकडे लाटांचं कौतुक ऐकत होते. पण भावाच्या तोंडून 'बरो दर्या' ऐकलं आणि मी लगेच माहेरची झाले.

त्यानंतर ताईंनी भावाला विचारणं सोडून दिलं आणि फोनवर बघायला लागल्या. फोनवर समुद्राचा अंदाज येतो. लाटेची उंची, वाऱ्याचे बाण, आणि एक सेकंदांचा आकडा. एका गुरुवारी त्या फोन समोर धरून मैत्रिणीशी बोलत होत्या. उंची काही खास नाही, जेमतेम तीन फूट, सेकंद सोळा दाखवतंय, पण परत तेवढं लांब जाऊन तलाव बघायचा का, असं चाललं होतं. मी पोळी लाटत होते. सोळा हा आकडा माझ्या कानात घुसला आणि लाटणं थांबलं.

मी लहान असताना वडील सकाळी होडी काढायच्या आधी मला किनाऱ्यावरच्या कातळावर घेऊन जायचे. शाळा सकाळची नव्हती, आणि पुढे तर शाळाच राहिली नाही, कारण पाचवी खाडीच्या पलीकडे होती. ते बिडी ओढायचे आणि मी मोजायचे. खडपावर एक लाट फुटली की एक, दोन, तीन, पुढची फुटेपर्यंत, सारखा ताल धरून. ते विचारायचे, किती? मी सांगायचे सात. मग ते उठायचे. सात-आठ म्हणजे जवळच्या वाऱ्याचं पाणी, खळबळ असते, पण होडीला काही करत नाही. बारा सांगितलं तर कपाळाला आठी. पंधरा म्हटलं की बिडी विझवून घरी परत. समुद्र वरून सपाट दिसत असला तरी परत. म्हणायचे, हे लांबचं पाणी, कुठल्या तरी दुसऱ्याच समुद्रातून चालत आलंय, मध्ये दिसत नाही, खडपावर येऊन उभं राहतं.

मी बोलत नाही. ताईंच्या मैत्रिणीसमोर तर नाहीच, फोनवरच्या असल्या तरी. पण डोक्यावर तीस हजार होते. मी पदराला हात पुसले आणि हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले.

"ताई, सोळा म्हणजे एक लाट फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंत का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"सोळा असेल तर माझा भाऊ होडी काढत नाही."

"का?"

"खडपावर लाट उभी राहते."

ताईंनी फोन खाली ठेवला. मैत्रीण आतून हॅलो हॅलो करत राहिली. "उभी राहते म्हणजे कशी?"

मी परत ओट्याकडे गेले, लाटलेली पोळी लाटण्यावर घेतली आणि तिची कड पुढे झुकून खाली पडेपर्यंत सावकाश सोडली. ताई ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, परत करा. मी परत केलं. त्या पोळीचं नंतर काही खरं राहिलं नाही.

मग मी तिथेच उभ्या उभ्या बाकीचंही सांगितलं, एका दमात, कारण थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. शनिवारी पौर्णिमा आहे. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती. सकाळी पाच-सहाला पाणी इतकं खाली की कातळ पायाला लागेल. आठ-साडेआठला अर्धं पाणी होईल, तेव्हा उतरायचं. सकाळचा वारा मतलई, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, तो लाटेला धरून ठेवतो. दहानंतर खारा वारा येतो, समुद्रावरून आत, मग लाट विस्कटते. हे खारे आणि मतलई वारे आमच्या शाळेत फळ्यावर काढलेले होते, बाण मला अजून आठवतात.

ताईंनी फोनवर बघितलं. फोन भरती पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे सांगत होता, पण तो दुसऱ्याच कुठल्या बंदराची वेळ धरत होता.

शनिवारी आठला भावाने होडी खडपाच्या बाजूच्या खोल पाण्यात नांगरली. त्याला मी फोनवर शपथ घातली होती, नाहीतर सोळाच्या पाण्याला तो घराबाहेर पडला नसता. नऊ वाजता मी बसवनगुडीत दुसऱ्या घरी भाजी फोडणीला टाकत होते तेव्हा ताईंचा फोटो आला. त्यात ताई अगदी लहान दिसत होत्या, आणि त्यांच्यामागे हिरवी लाट, अगदी पोळीच्या कडेसारखी झुकलेली. फोटोखाली त्यांनी काही लिहिलं नव्हतं. मोहरी करपली.

तेव्हापासून गुरुवारचा कागद सुरू झाला. ताई म्हणाल्या, मावशी, बोलू नका, लिहून द्या, ते तुम्हाला सोपं. मी वहीत लिहायचे, त्या फोटो काढून त्यांच्या ग्रुपवर टाकायच्या. पहिला कागद मी तीन वेळा लिहिला आणि तिन्ही वेळा 'भरती'ला दुसरी वेलांटी द्यायची की पहिली यावर अडकले. शेवटी ताई म्हणाल्या, पाणी दोन्हीने तेवढंच चढतं. एक कागद इथे उतरवते:

"शनिवार, अमावस्या. लांबचं पाणी, चौदा. सहाला खडप वर, उतरू नका. आठला अर्धं पाणी, ती वेळ. वारा मतलई, दहापर्यंत भरवसा. अकरानंतर लाट विस्कटेल, मग जेवायला या. सुरमई मिळाली तर आहे."

शेवटचं वाक्य भावाने घालायला लावलं. ग्रुपवर लोक त्यालाच सगळ्यात जास्त अंगठे द्यायचे असं ताई सांगायच्या. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना ताई वाचून दाखवायच्या. एक मुलगा एचएसआर लेआउटमधून मुद्दाम मला बघायला आला होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. तो म्हणे आतल्या पोळ्यांच्या वासाला नमस्कार करून गेला.

तिथी मला रोज लागायची, आणि ताईंच्या घरात कॅलेंडर नव्हतं. खाली कोपऱ्यावर फुलं आणि भाजी विकणाऱ्या अक्का बसतात, त्यांच्याकडे कानडी कॅलेंडर टांगलेलं असतं. मला कानडी वाचता येत नाही. रोज जाताना विचारायचे, अक्का, इवत्तु याव तिथी, म्हणजे आज कुठली तिथी? त्यांनी बोट ठेवून सांगायचं. दोन महिन्यांत त्यांची खात्री झाली की माझ्याइतकी उपासतापास करणारी बाई या भागात दुसरी नाही. त्या मला चतुर्थीला शेवंती फुकट द्यायला लागल्या आणि गिऱ्हाइकांना माझ्याकडे दाखवून काहीतरी सांगायच्या. मी एकदा खरं सांगायचा प्रयत्न केला, की अक्का, देवासाठी नाही, लाटेसाठी. माझं कानडी स्वल्पच. त्यांनी अजून एक हार बांधून दिला.

भावाचे पैसे येत गेले. कधी दोन गाड्या, कधी एक. मी ते ताईंना हातात द्यायचे. हातात घेतले होते, म्हणून हातातच. मे महिना लागला तेव्हा सहा हजार उरले होते, आणि एक मोठा गट यायचा होता. नऊ जण. त्या एका फेरीत सगळं फिटणार होतं, पावसाच्या आधी, मी म्हटलं होतं तसं. त्यानंतर पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या होत्या.

गुरुवारी फोन बघितला. उंची मस्त, सेकंद पंधरा. ताई शीळ घालत होत्या. मी खाली अक्कांकडे गेले आणि विचारलं, शनिवारी याव तिथी? तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती, आणि सकाळी साडेआठला पाणी अगदी तळाला. सकाळभर मतलई वारा असेल तेव्हा खडप दातासारखं वर. अर्धं पाणी होईपर्यंत साडेअकरा, आणि मे महिन्यात साडेअकराला खारा वारा असा सुटतो की छत्री उलटी होते. एवढी मोठी लाट उघड्या कातळावर पडणार आणि तिच्याखाली नऊ माणसं.

भावाला फोन केला. तोही तेच म्हणाला, सकाळी पाणी नाही. पण मग म्हणाला, "लिव गो, येवा म्हणान. इल्यार बघूया. पैसे फिटतले."

'या' लिहायचं की नाही, मी अर्धा तास ओट्याजवळ वही घेऊन उभी होते. खोटं लिहायचीही गरज नव्हती. उंची लिहिली असती, सेकंद लिहिले असते, तिथीचं एक वाक्य गाळलं असतं, की झालं. ताई शेजारच्या खोलीत फळीला मेण लावत होत्या, त्याचा नारळासारखा वास येत होता. मी लिहिलं: "शनिवार, तृतीया. लाट मोठी आहे पण सकाळी पाणी नाही. पाणी येईल तेव्हा वारा वाईट असेल. येऊ नका."

ताईंनी वाचलं. मेणाचा तुकडा डबीत ठेवला आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. नऊच्या नऊ जणांनी येणं रद्द केलं.

शनिवारी दुपारी एक वाजता भावाचा व्हिडिओ आला. गावावर सकाळपासून ढग. ऊन नाही म्हणून जमीन तापली नाही, आणि जमीन तापली नाही म्हणून खारा वारा आलाच नाही. मतलई वारा एक वाजला तरी वाहत होता. पाणी भरलेलं. खडपावर एकामागून एक लाटा, काचेसारख्या, सरळ, आणि त्यांच्यावर एकही माणूस नाही. शेवटी भाऊ स्वतः दिसतो आणि म्हणतो, बघ, तू नको म्हटलंस ता पाणी.

मला ते लपवता आलं असतं. सोमवारी मी ताईंना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला. दुसऱ्यांदा बघताना त्यांच्या तोंडून एक बारीक कण्हणं निघालं. मी म्हटलं, ताई, माझं चुकलं, ढगांचा विचार मी केला नाही. आणि पैसे पण पावसाच्या आधी होणार नाहीत. महिन्याच्या पगारातून कापून घ्या.

त्या म्हणाल्या, "चुकलात मावशी. पण आमच्या बाजूने चुकलात."

मला लगेच कळलं नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला सहा हजार हवे होते आणि तरी तुम्ही नको लिहिलंत. आता तुम्ही या लिहिलंत तर मी डोळे मिटून जाईन. पगाराचं म्हणाल तर ते इंजिनाचे पैसे आहेत, पोळ्यांचे नाहीत, त्यामुळे पोळ्यांतून कापता येणार नाहीत. एवढं बोलून त्यांनी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली माझी चूक जशीच्या तशी सांगितली. मला वाटलं आता कोणी माझा कागद वाचणार नाही. उलट लोकांनी ढगांवरून माझी इतकी थट्टा केली की पावसाळाभर, लाटेचा संबंध नसताना, ग्रुपवर रोज कोणीतरी विचारायचं, मावशी, आज ऑफिसला छत्री न्यायची का? मी ताईंमार्फत उत्तर द्यायचे. बेंगळुरूच्या पावसाचा मला एकदाही अंदाज आला नाही.

पाऊस संपला, नवरात्र झालं, भावाने होडीला रंग दिला. कोजागिरीच्या आदल्या गुरुवारी मी लिहिलं: "शनिवार, पौर्णिमा. लांबचं पाणी, चौदा. आठला अर्धं पाणी. ढग नाहीत, विचारलं आहे. या." अकरा जण तयार झाले. ताई म्हणाल्या, बारावं माणूस तुम्ही. मी नको नको म्हटलं. त्या म्हणाल्या, ज्या खडपाबद्दल तुम्ही अर्धी वही भरलीत ते तुम्ही कधी जवळून बघितलंय का?

बघितलं नव्हतं. आमच्याकडे बायका होडीत बसून मासळी विकायला खाडीपलीकडे जातात, खडपाकडे जात नाहीत. मी ते फक्त किनाऱ्यावरून मोजलं होतं.

शनिवारी सकाळी भावाने मला हात देऊन होडीत घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कागदवाली इली रे." मी पदर डोक्यावरून घेऊन होडीच्या मधल्या आडव्या फळीवर बसले. खोल पाण्यात नांगर टाकला. पाण्याखाली खडप दिसत होतं, तपकिरी, हिरवं, कुठे कुठे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. मग मागून पाणी आलं. आधी काहीच दिसलं नाही, नुसती होडी वर गेली आणि खाली आली. पुढे खडपावर गेल्यावर ते उभं राहिलं. कड बारीक झाली, मतलई वाऱ्याने तिच्यावरून फेस मागे उडवला, आणि ती झुकली. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. चौदाला पुढची फुटली. भाऊ माझ्याकडे बघत होता, त्यानेही मोजलं असणार, कारण आम्ही दोघं एकदम हसलो.

ताईंनी नऊ लाटा घेतल्या. त्यांना एवढं ओरडताना मी घरी कधी ऐकलं नव्हतं. मध्ये दम खायला त्या फळीवर बसून वल्हवत होडीजवळ आल्या, ओठ खाऱ्या पाण्याने पांढरे. भावाने शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. मे महिन्यापासून त्याने सहा हजार जमवून ठेवले होते आणि मला सांगितलं नव्हतं. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "दी तेंका. इंजिन आता आपला."

मी होडीच्या काठावरून वाकून ताईंसमोर पिशवी धरली. त्या पाण्यात, फळीवर बसलेल्या. पिशवीकडे बघितलं, मग स्वतःकडे बघितलं.

"मावशी, मला खिसा नाही."

होडीतले सगळे हसले. मी पिशवी मुठीत धरून बसून राहिले, दोन तास, किनाऱ्याला लागेपर्यंत. दुसऱ्या हाताने होडीची कड धरली होती.

वाळूवर उतरल्यावर ती ताईंच्या हातात दिली. त्या तशीच बॅगेत टाकणार होत्या. मी म्हटलं, मोजा. त्यांनी टॉवेल अंगाभोवती गुंडाळला, वाळूवर बसल्या आणि नोटा मोजल्या. सहा हजार, बरोबर. एक नोट भिजली होती, ती त्यांनी शिंपल्याखाली वाळत ठेवली.